लारी उठताना

आबा,

‘पोरी, उभा बैल काय देखस? बठेल बैल उठस कसा, ते देख.’ सारंगखेड्याच्या यात्रेत तुम्ही हे मला म्हणालात तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. मला तो पांढराशुभ्र बैल फार आवडला होता, आणि व्यापारी त्याला खाली बसूच देत नव्हता. बैलानं गुडघे वाकवले की तो शेपटी पिरगाळायचा. तुम्ही समोर गोणपाटावर तंबाखू मळत बसून राहिलात. ‘चालू दे भाऊ, आम्हले काय घाई नही.’ दुपारी व्यापारी भाकरी खायला गेला आणि बैल बसला. मग तुम्ही उठलात, त्याच्या पाठीवर थाप मारलीत. उठताना त्याचा मागचा उजवा पाय दोनदा लचकला. तुम्ही मला जिलेबी घेऊन दिलीत आणि शेजारच्या रांगेतला एक मळकट बैल घेऊन आपण निघालो. मी वाटभर रुसलेली. तापीची वाळू लागली तसे तुम्ही धोतर वर खोचून गाडीतून उतरलात आणि मलाही उतरवलंत. वाळूत बैलाला आपला भार कशाला, म्हणून. रुसलेल्या माणसाला तापल्या वाळूत चालवणारा बाप मला तेव्हा जगातला सगळ्यात दुष्ट माणूस वाटला होता.

हे आज आठवायचं कारण आमची लारी. तुम्ही गेल्यावर आमच्याकडे लारी आली. प्रकाशा गावाजवळ तापी ओलांडून कापूस नंदुरबारच्या जिनिंगच्या कारखान्यात न्यायला. चालवतो माझा दीर. माझ्या लग्नात तुम्ही ज्या शेंबड्या पोराला खांद्यावर घेऊन हिंडलात, तोच. गेल्या हिवाळ्यात कापूस टाकून परत येताना तो नदीच्या पात्रात भाकरी खायला थांबला आणि लारीच्या सावलीत त्याचा डोळा लागला. वरच्या अंगाला अवकाळी पाऊस झाला होता. जाग आली तेव्हा चाकांशी पाणी. इंजिन थंड पडलेलं. पाणी छातीला लागेपर्यंत तो पुढून इंजिनाचं हँडल मारत राहिला, काठावरची माणसं ‘सोड तिले, सोड’ म्हणून ओरडत राहिली. शेवटी एकानं पोहत जाऊन त्याला ओढून आणलं. लारी मागाहून सापडली, टपापर्यंत वाळूत पुरलेली.

विमा म्हणजे काय, हे तुम्हाला कसं सांगू? तुमचा बैल गेला तर गाव येऊन दोन दिवस हळहळायचं, एवढंच. आता कंपनीचा साहेब येतो. त्यानं छडीनं टपावर टकटक केलं आणि म्हणाला, ‘ही पूर्ण गेलीच म्हणायची. कंपनी भरून देईल. तुम्ही दुसरी बघा.’ दुसरी बघणं सोपं होतं. पण दीर नदीवर आंघोळीलासुद्धा जाईना. ‘मी शेतात काम करसू, लारी नको,’ एवढंच म्हणायचा. तुमचे जावई मला म्हणाले, ‘लारी कुठलीही मिळेल गं, पण हा तिच्यात बसेल का?’

म्हणून आम्ही तिघं धुळ्याला गेलो. लढाई संपल्यावर लष्कराच्या लाऱ्या विकायला निघाल्या आहेत. व्यापाऱ्याच्या आवारात दोन तयार होत्या. एक निळी, नवा रंग दिलेली, दाराला पितळी मूठ. दुसरी लष्करातली, शेवाळी रंगाची, नाकावर पोचा. खरं सांगते आबा, निळी मी मनातल्या मनात अंगणात उभीसुद्धा केली होती. आम्ही पोचायच्या आधीच दोन्ही इंजिनं सुरू करून ठेवलेली. ‘ऐका, कशी बोलस!’ व्यापारी म्हणाला. आणि मला एकदम ती पिरगाळलेली शेपटी दिसली.

‘बंद करा,’ मी म्हटलं. ‘थंड होऊ द्या. आम्ही सकाळी येऊ.’

व्यापारी तुमच्या जावयांकडे वळला. ‘भाऊ, बाई लारी ल्हेवाले उन्यात का बैल?’

आवारातली माणसं हसली. हे पायाखाली बघत म्हणाले, ‘आमच्याकडे बैल तीच निवडते.’

सकाळी जाऊन मी दोन्ही लाऱ्यांवर हात ठेवला. लोखंड गार होतं. दिरानं आधी निळीला हँडल मारलं. मारलं, पुन्हा मारलं. ती खोकते, थरथरते, गप्प होते. त्याच्या कपाळावर घाम, आणि त्याचे डोळे लारीकडे नाहीत, नदीत आहेत. व्यापारी म्हणाला, ‘थंडी शे, म्हनीसन. रोज अशी नही करस.’

‘नदीतबी थंडीच व्हती,’ दीर म्हणाला. त्या दिवसाबद्दल तो आपणहून बोललेला तो पहिला शब्द.

मग शेवाळी. पहिल्या खेपेला काही नाही. दुसऱ्या खेपेला ती अंग झटकून गुरगुरली आणि गुरगुरतच राहिली. दीर हँडल हातात धरून तसाच उभा. तुमच्या यात्रेची गोष्ट आमच्या घरी दर पोळ्याला होते, ती त्याला तोंडपाठ आहे. ‘उठनी, वहिनी!’ तो ओरडला. ‘उठनी!’ आणि कुणी न सांगता वर चढून चालवायच्या जागेवर बसला.

आता सगळं बरं चाललं आहे. लारीच्या नाकावरचा पोचा मी ठोकू दिलेला नाही, ती त्यानंच ओळखू येते. दीर आता भाकरी काठावर चढून खातो. नंदुरबारला काही काम असलं की मीही जाते, आणि नदीत वाळू लागली की ‘थांब’ म्हणून खाली उतरते, लारीच्या मागून चालते. दीर हसतो, ‘तिले काय समजस, वहिनी?’ मी म्हणते, सवय आहे. लारीला माझा भार होत नाही हे मलाही कळतं. मी उतरते ती लारीसाठी नाही, हे त्याला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे, तेही या न टाकायच्या पत्रात.

एक मागते. एकदा या लारीत माझ्या शेजारी बसा, आणि वाळू लागली तरी उतरू नका. पलीकडच्या काठापर्यंत नुसते बसून राहा. पण तुम्ही आत्ताच धोतर वर खोचायला लागला असाल.