बालघराची जुनी वही

५ जानेवारी १९८५, शनिवार
आजच्या सभेत नोगाने ठराव ठेवला. मुलांनी रात्री बालघरात न झोपता आईबापांच्या खोलीत झोपावे म्हणे. आणि हे माझ्या पोटच्या मुलीने मांडावे! अडतीस वर्षांपूर्वी या किबुत्झची, आमच्या या सामायिक वसाहतीची, पहिली भिंत उभी राहिली ती बालघराची. आम्ही स्वतः तंबूत झोपत होतो.
मतदान २६ तारखेला. दोन-तृतीयांश मते लागतात, म्हणजे ठराव पडणार. शिक्षण समितीची प्रमुख म्हणून मी तटस्थ राहायचे ठरवले आहे.

७ जानेवारी
तटस्थ राहून एकवीस जणांशी बोलले.
स्वयंपाकघरातल्या झेल्दाने विचारले, नातवाला कुशीत घेऊन झोपावे असे मला कधी वाटत नाही का. मुले रोज चार ते सात आईबापांकडे असतात, तेवढ्यात काय घ्यायचे ते कुशीत घेऊन होते, असे मी तिला सांगितले. तिने डोळे पुसले. कांदा चिरत होती.

१० जानेवारी
नोगा चहाला आली. (चहा सर्वांनी भोजनगृहातच घ्यावा, खोलीत किटली ठेवू नये, हा नियम मीच लिहिलेला आहे. माझी किटली घशासाठी आहे.) ठराव पडला तर ती, तिचा नवरा अम्नोन आणि छोटा उरी हैफाला जाणार. अम्नोनच्या भावाने घरही बघून ठेवले आहे. मी म्हटले, शहरातले टोमॅटो खाऊन बघ, आठवड्यात परत येशील. ती हसली नाही.
पोरगी दमली आहे. तिला धोबीखान्यातून काढून हलके काम द्यायला सांगायचे.

१४ जानेवारी
भाषणाची तयारी. नोगा लहानपणी बालघरात कधी रडली नाही, हे मी सगळ्यांना नेहमी सांगते. आता लेखी पुरावा हवा, म्हणून माळ्यावरून १९६० सालची बालघराची वही काढली. तेव्हा फ्रीडा मुलांना सांभाळायची. तिने लिहिले आहे: "नोगा रात्री उठून आईच्या दाराशी गेली. आईने हात धरून परत आणून सोडले. रडली नाही."
त्या एका हिवाळ्यात हीच नोंद एकतीस वेळा आहे.
फ्रीडाचे अक्षर फार गिचमिड. पुरावा म्हणून चालणार नाही.

१५ जानेवारी
झोप लागली नाही. हवा दमट.

२० जानेवारी
म्हातारे लोक थंडीमुळे सभेला येत नाहीत. आमच्या बरोबरीचे ते, चौदाच्या चौदा मते आपली. अम्नोनकडे ट्रॅक्टरची ट्रॉली मागितली. कशाला, म्हणाला. लोकशाहीसाठी, म्हटले. त्याने ट्रॉली तर दिलीच, वर बसायला पेंढ्याही टाकून दिल्या. जावई सरळ आहे.

२६ जानेवारी, शनिवार
चौदा म्हातारे ब्लँकेटांसकट मोजून आणले. माझे भाषण आठ मिनिटे झाले. टाळ्या कमी पडल्या, पण बऱ्याच जणांच्या हातात हातमोजे होते.
मग नोगा उठली. एवढेच बोलली:
"चार वर्षांची होते तेव्हा अंधारात आईच्या खोलीपर्यंतचा रस्ता मला पाठ होता. उरीला तो पाठ व्हायला नको."
शहाण्णव विरुद्ध सत्तेचाळीस. ठराव मंजूर. चौदाच्या चौदा म्हाताऱ्यांनी ठरावाच्या बाजूने हात वर केले. श्रागाने तर दोन्ही केले, मी एकच धरला. ट्रॉली नेली नसती तर ठराव पडला असता. आकडेमोड दोनदा करून पाहिली.
श्रागाला जाब विचारला.
"ब्रुर्या, चाळीस वर्षं सगळं सगळ्यांचं म्हणत आलो," तो म्हणाला. "आता एक नातू तरी माझा असू दे की."
मी स्वतः मत दिले नाही. मोजणी माझ्याकडे होती, दोन्ही हात कागदांत अडकलेले.
हैफाचा बेत रद्द झाला. कुणी कुठे जात नसते, हे मी आधीच सांगितले होते.

३ फेब्रुवारी
आजपासून मुले घरी झोपू लागली. संध्याकाळी सातला नेहमीप्रमाणे बालघराकडे गेले. उरीचे पांघरूण रोज मी बघते, समितीची तपासणी म्हणून. तिथे दिवा नव्हता. दाराला कुलूप. पाऊस लागला होता.
तिथून नोगाच्या खोलीकडे गेले. दार वाजवायचे मनात नव्हते. तपासणी बाहेरूनही होते. पण तिनेच दार उघडले.
"किती भिजलीस, आई. उरी आत्ताच झोपलाय गं. चल, तुला सोडते."
तिने छत्री घेतली. हात धरून मला माझ्या खोलीपर्यंत आणून सोडले. किटली लावून दिली आणि गेली. रागावली नाही.
रडले नाही.