हातावरचं दही

नाशिक, मंगळवार, संध्याकाळ

आज नात चारू नोकरी सोडून निघाली. प्रवासवर्णनं लिहिणार म्हणे. निघताना तिनं दह्यासाठी हात पुढे केला, तर मी म्हणालो, "लिहून पोट भरतं का?" माझ्या वडिलांचंच वाक्य!

शाळेत नद्यांच्या कविता म्हणताना मीही ठरवलं होतं, एकेक नदी पाहायची, लिहायची. गोदावरीच्या पुढे गेलोच कुठे?

"दही महागलं का हो, आजोबा?" असं हसून म्हणत तिनं स्वतःच दही घेतलं, पाया पडली.

चमचाभर दही, तेही देववलं नाही? हेवा वाटला मला, नातीचा!

आत्ता फोन आला. "मनमाड गेलं, आजोबा. खिडकी मिळालीय."

"बाहेर काय दिसतंय?"

"काही नाही, अंधार आहे."

"तरी सांग," म्हणालो.