डावा कान आयचा

मी महादू कुंडलिक टपके, वय बावीस, राहणार वेसावे कोळीवाडा, अंधेरी पश्चिम, शिक्षण अर्धी सातवी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहितो. डोकं जागेवर आहे. दारू प्यायलेलो नाही, पाहिजे तर तोंडाचा वास घ्या. ह्यात मस्करी नाही. माझ्यावर कुणाचा विश्वास नाही म्हणून आधीच सांगतो.

उद्या माझ्या कानाचं ऑपरेशन आहे. सातवीत मेंदूचा ताप आला, मी वाचलो, कान गेले. आता इथल्या हॉस्पिटलातले डॉ. चंद्रप्रकाश नवीन प्रयोग करतात. कानाच्या आत तार, खिशात यंत्र, यंत्र आवाजाचा करंट करून आत पाठवणार. आवाज येईल, बोलणं कळेलच असं नाही, असं त्यांनी पाटीवर लिहून दिलं. झकास. पण खाली लिहिलं, ‘मृत्यूनंतर कानाचं हाड संशोधनाला द्याल का?’ अरे, अजून भूल दिली नाय आणि मेल्यानंतरचं काय विचारता? तिथेच मला वास आला.

शिवाय इथे सगळे तोंडाला फडकं बांधून बोलतात. मी ओठ बघून बोलणं ओळखतो, त्यांना ठाऊक आहे. मग फडकं कशाला? जंतूंसाठी, म्हणे.

आता वाटणी.

एक. सायकल बहीण कमळला. ब्रेक लागत नाही, हे तिच्या नवऱ्याला सांगू नये.

दोन. टेपरेकॉर्डर माझा दोस्त चंदूला, खाटेखालच्या कॅसेटींसकट. मी पाठ फिरवली की घरचे काय बोलतात ते चोरून टेप केलंय. ऐकू आल्यावर ऐकणार होतो. आता चंदूने ऐकावं. थोरला भाऊ सहदेवदादा माझ्याबद्दल वाईट बोलला असेल तर माझा रबरी साप त्याच्या होडीत ठेवावा. चांगलं बोलला असेल तर साप त्याच्या पोराला खेळायला द्यावा.

तीन. कान. हे नीट वाचा.

डॉक्टर म्हणतात, उजव्यात तापाने हाड वाढलंय, तार जाईल की नाही सांगता येत नाही, डावा सोपा. पण तार घातली की त्या कानात उरलंसुरलं असतं तेही जातं. हे मी विचारलं तेव्हा सांगितलं, आपण होऊन नाही! डाव्यात माझं एकच उरलंय, आयची हाक. आय मासळी विकते, तिची हाक खाडीपलीकडे मढपर्यंत जाते.

डॉक्टर फडकं खाली करून म्हणाले, “बाई, मशीनवर दोन्ही कान शून्य आहेत.”

आय उसळली, “मंग मी हाक मारली का यो वलतो कसा?”

“आवाजाचा हादरा लागत असेल.”

“हादरा तं हादरा. माझाच हाय ना?”

म्हणून तार उजव्यातच घालायची. नाही गेली तर टाके घालून घरी पाठवा. मेलो तर उजव्या बाजूचं हाड डॉक्टरांना द्या. तार का जात नाही ते बघतील, पुढच्याला उपयोग होईल. डावा कान आयचा. उद्या आय त्याला हळद फासणार आहे. पिवळ्या कानाला सुरी लावायची नाही, एवढं शिकलेल्यांना कळावं.

चार. मेल्याची खात्री. गेल्या शिमग्याला मी किनाऱ्यावर मेल्याचं सोंग घेतलं. चंदू रडला. दादा तिरडीचे बांबू बघायला पळाला, हे मी विसरलेलो नाही. आय आली, डाव्या कानाशी वाकून ओरडली, “महाद्या, मांजरीनं पापलेट नेला रं!” मी ताडकन उठलो. मग झाडूने मार खाल्ला.

तर हॉस्पिटलने कागद दिला तरी कुणी रडू नये. आधी आयने डाव्या कानात तीच हाक मारावी. मी उठलो नाही, तरच हे मृत्युपत्र लागू.

सही: महादू कुंडलिक टपके

साक्षीदार:
धोंडिराम चिखले, शेजारी. वास घेतला, दारू नाही. सोंग निघालं तर झाडू माझा.
उत्तरा सामंत, नर्स. उजवाच कान, असं डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घेतलं. हे महादूला फडकं काढून सांगितलं.

हॉस्पिटलचा वॉर्ड, अंधेरी. नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस, सन १९८७.