बिनसीटाच्या गाडीविषयी सूर्यभानास चार शब्द

मुक्काम देवळाली प्रवरा
कोजागिरी उलटून गेल्यावर

चि. सूर्यभान यास थोरली बहीण मनकर्णा हिचा तोंडभरून आशीर्वाद. (ही मनकर्णा कोण, ते आठवत नसेल तर झुंबरबाईला विचार. बायको एकवेळ नवऱ्याला विसरेल, पण नणंदेला विसरायची नाही.) हातात फोन असताना आक्कानं पत्र का धाडलं, असं तुझ्या मनात येईल. तर बाबा, मागच्या पंधरवड्यात तू फोन केलास, माझी तब्येत विचारलीस, मी गुडघ्यापासून सुरुवात करून कंबरेपर्यंत पोचले, आणि तू मधेच म्हणालास, "आक्का, मी फोन कशापायी केल्ता गं?" मग आपण दोघांनी मिळून ते शोधलं. तुझा नातू पार्थ दगडधोंड्यांवरून मोटारसायकल चालवायची म्हणून हटून बसलाय, आणि आमच्या नातीकडे, स्नेहलकडे, तसलीच गाडी आहे, म्हणून तुला चार गोष्टी विचारायच्या होत्या. मी घसा खाकरून सांगायला सुरुवात करते तो तू फोन ठेवलेला. म्हणून हा कागद. तुमच्या काष्टीच्या बाजाराला जाणाऱ्या टेम्पोवाल्याकडे दिलाय आणि तुझ्या नव्हे, झुंबरबाईच्या हातात द्यायला बजावलंय.

माझी तब्येत बरी आहे. गुडघे दिवसभर बोलतात, मी ऐकत नाही. तुझी साखर कशी आहे, आणि ती मोजायची आठवण राहते का, ते कळव. लिहून घ्यायला सूनबाई बसली आहे, आपली अश्विनी. मी 'हाय' म्हणते ती 'आहे' लिहिते, मी 'लई' म्हणते ती 'फार' लिहिते, त्यामुळे आक्का म्हातारपणी शाळेत जायला लागली की काय असं तुला वाटेल. तसं काही नाही. (अश्विनी मान खाली घालून हसते आहे, म्हणजे हे नीट लिहिलं गेलं.)

आधी इथलं दुखणं सांगते. जानेवारीत नाशिकच्या बाजूला मोठी स्पर्धा आहे, स्नेहलचं नाव त्यात गेलंय, आणि सरावाला पोरीकडे दगड नाही. उन्हाळाभर ती नदीच्या पात्रात चालवत होती, पावसाळ्यात काठाकाठानं. आता बंधाऱ्याला फळ्या टाकल्या, पाणी अडलं, पात्रही गेलं आणि काठही गेला. आपल्या रानात म्हणावं तर तुझ्या दाजींनी आणि त्यांच्या वडलांनी जन्मभर दगड वेचून वेचून ती जमीन लोण्यासारखी केली. आता त्यांचीच नात दगड मागते तर कावळ्याला मारायला खडा सापडत नाही. पोरीच्या बापानं, आपल्या भागवतनं, कुणाच्या विहिरीतून निघालेल्या दगडांची एक ट्रॉली आणून खळ्यात ओतली. दोन दिवसांत आळीतल्या बायकांनी त्यातले चांगले चांगले चपटे दगड धुणं धुवायला पळवले. राहिले ते गोल. त्यांवर म्हैस घसरली आणि दूध कमी झालं. तेव्हा भागवतनं सांगितलं की बिनसरावाची पोरगी मी स्पर्धेत सोडणार नाही. दिवाळीपर्यंत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर ज्याच्याकडून गाडी आणली त्याला परत. पोरगी आता सगळीकडे दगडच शोधते. जेवताना भातातला खडा लागला तरी हातात धरून बघत बसते.

आता पार्थच्या गाडीचं. नीट ऐक. पहिली गोष्ट, या गाडीला सीट नसते. गाडी पहिल्यांदा दारात उतरवली तेव्हा भागवतला वाटलं विकणाऱ्यानं सीट काढून ठेवली, आणि त्याला फसवल्याचं सांगायला लाज वाटली. त्यानं स्नेहल कॉलेजात असताना ती गुपचूप राहुरीला नेली आणि गादीवाल्याकडून मऊ गादी बसवून आणली, लाल रंगाची, पाठीमागं टेकायला लोड, खाली सोनेरी झालर. नवरदेवाच्या घोड्यालाही अशी नसेल. पोरगी आली, बघत राहिली, बापाचं मन मोडायला नको म्हणून तशीच चालवायला गेली. या गाडीवर बसायचंच नसतं. पाय ठेवायच्या खुंट्यांवर उभं राहायचं, गुडघे सैल ठेवायचे आणि अंग गाडीच्या मागेपुढे हलवायचं, डोक्यावर हंडा घेऊन चिखलातून चालताना आपण हलवतो तसं. चढावर पोरीनं अंग मागं नेलं आणि त्या लोडानं तिला मागून अशी ढुशी दिली की ती गाडीच्या आधी वर पोचली. आता ती गादी माझ्या पाटावर आहे. मी झालरीसकट बसते.

दुसरं म्हणजे बूट. घोट्याच्या वरपर्यंत येणारे, जाड तळाचे, आणि मापाचे घ्यायचे. मापाचे म्हणजे आजच्या मापाचे. (पुढच्या वर्षीही येतील म्हणून एक नंबर मोठे घ्यायची आपल्या घराण्याची रीत आहे, ती इथे चालत नाही. पाय बुटात फिरतो आणि बूट खुंटीवरून.) हेल्मेट हलकं पण घट्ट, हातमोजे, गुडघ्यांना आणि कोपरांना ढाली. आणि एक दोरी असते, एक टोक गाडीला, दुसरं मनगटाला. पोरगी पडली की दोरी सुटते आणि इंजिन बंद होतं. जनावर आपल्याला ओढत नेऊ नये म्हणून दावं लावतो ना, तसंच, फक्त इथं दावं माणसाला. ते बांधल्याशिवाय पार्थला किक मारू देऊ नकोस.

गाडीची निगा म्हणशील तर, आत हवा गाळायला एक स्पंज असतो, तो काळा आणि तेलकट दिसतो. तुमच्या घरातली कुणी स्वच्छतेची आवड असलेली बाई (आमच्याकडे एक आहे, ती आत्ता हे लिहिते आहे) तो बघून साबणानं घासेल, दोरीवर वाळत घालेल आणि कोरडाच परत बसवेल. मग नदीतली सगळी धूळ इंजिनाच्या पोटात. स्पंज धुवायचा, पण वाळला की त्याला त्याचं तेल लावायचं. न्हाल्यावर डोक्याला तेल लावतो तसं, एवढं लक्षात ठेव. क्लच-ब्रेकच्या दांड्या फार आवळायच्या नाहीत. पडल्यावर दांडी जरा फिरली पाहिजे. करकचून आवळली की मोडते. (हे गाडीचं सांगते आहे, पण घरातल्या पोरांनाही लागू आहे.) साखळीला तेल, नटबोल्ट रोज हातानं चाचपायचे, आणि धुताना मोटारीच्या पाण्याची धार थेट चाकाच्या मधोमध मारायची नाही.

आणि आता हवा. सूर्यभान, या चाकात आपल्या गाडीच्या पाव हवाही नसते. चाक दगडाला चिकटलं पाहिजे, आपला अनवाणी पाय ओल्या बांधाला चिकटतो तसं. पण आपल्याकडची माणसं चांगली आहेत ना. बसलेलं चाक दिसलं की कुणाला राहवत नाही. स्नेहल गाडी दुकानापुढे लावून वही घ्यायला आत गेली की बाहेर कुणीतरी पंप मारत असायचं, आणि वर म्हणायचं, राहू दे, आभार नको. पोरीला गावभर हिंडून स्वतःची हवा सोडत बसावं लागायचं.

वैशाखात नगरच्या पोरांनी इथेच नदीत छोटी स्पर्धा ठेवली. दगडांतून दोन रिबिनी बांधून वाट आखतात. त्या वाटेनं पाय न टेकता जायचं. पाय टेकला की एक गुण, पडलं की पाच, आणि ज्याचे गुण कमी तो पहिला. (म्हणजे शून्यवाला सगळ्यात हुशार. हे मला लहानपणी कुणी सांगितलं असतं तर मी शाळेत गेले असते.) स्नेहलनं आदल्या दिवशी हवा मोजून ठेवली होती. सकाळी भागवतनं गाडी टेम्पोत घातली, आणि पोरगी पहिल्यांदा चार लोकांत चालवणार, चाकं बसलेली दिसायला नकोत, म्हणून वाटेत पंपावर थांबून दोन्ही चाकं टणक करून आणली. तिनं सकाळी परत हात लावून पाहिलं नाही, ही तिची चूक. पार्थनं ती करू नये. पहिल्याच दगडावर गाडी रबरी चेंडूसारखी उडाली, गाडी एकीकडे आणि पोरगी एकीकडे. दोरी सुटली म्हणून इंजिन तरी थांबलं. अश्विनी माझा दंड धरून उभी होती, त्याचे वळ दोन दिवस होते.

पोरगी उठली, चाकाला अंगठा लावला आणि बापाकडे पाहिलं. भागवत म्हणाला, "मीच भरली. बसल्याली दिसत हुती गं."

ती चिडली नाही. तिनं माझ्या अंबाड्यातला आकडा मागून घेतला, चाकाच्या हवेच्या नळीत दाबून हवा सोडली, आणि बापाला म्हणाली की आता माझ्याबरोबर चला, पुढची वाट आधी पायी बघू. या खेळात आधी पायी जाऊन यायचं असतं. कोणता दगड डुगडुगतो, कुठे शेवाळ आहे, कुठे चाक टाकायचं, हे चालून ठरवायचं. मग गाडीवर असताना पुढे बघायचं, चाकाखाली नाही. भागवत चपला हातात घेऊन तिच्या मागं मागं सगळी वाट चालला. जन्मात पहिल्यांदा मी त्याला पोरीचं ऐकताना पाहिलं, आणि बाईच्या जातीचं ऐकताना तर बहुतेक पहिल्यांदाच.

अवघड जागी एक आपलं माणूस जवळ उभं राहू देतात, पोरगी पडली तर धरायला. पण ती पडायच्या आत गाडीला हात लावला तर पाच गुण. म्हणजे हात पुढे करून चालायचं आणि लावायचा नाही. सूर्यभान, बापाला याच्याइतका अवघड खेळ नाही. ती दगडावर चढली, गाडी जागच्या जागी थरथरत उभी राहिली, आणि हा खाली दोन्ही हात पसरून मागं मागं सरकतोय, ती पहिलं पाऊल टाकत होती तेव्हा अंगणात सरकत होता तसा. घाम डोळ्यांत गेला तरी पुसेना. "धरू का गं?" एवढंच म्हणाला.

"न्हाई पप्पा. नुस्तं ऱ्हावा."

राहिला. पोरगी पाय न टेकता पलीकडे गेली. सगळी मिळून शेवटून दुसरी आली, पण त्या वाटेवर तिला शून्य, आणि भागवतनं देवळालीत शून्याचे पेढे वाटले. (इथं अश्विनीनं पेन खाली ठेवलंय. डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणते. मी थांबते, घाई नाही.)

तेव्हा भागवत दुष्ट नाही, हे ध्यानात घे. आता कारखान्याचा हंगाम सुरू होतोय, ऊसतोडीची टोळी दारात येईल, त्याला रोज हात पसरून उभं राहायला वेळ नाही. आणि आपलं माणूस जवळ नसताना पोरीला दगडावर चढू देणार नाही म्हणतो. त्यात त्याचं चुकतं असं मला सांगता येत नाही. स्नेहलचंही चुकत नाही. चुकतंय ते एकट्या बंधाऱ्याचं, आणि त्याला बोलून उपयोग नाही.

बाकी सगळं ठीक. झुंबरबाईला माझा नमस्कार नको, मी मोठी आहे, आशीर्वाद सांग. पार्थला अभ्यास कर म्हणावं, करणार नाही, पण म्हणायचं असतं.

तुझी आक्का,
मनकर्णा
(अंगठ्याचा ठसा खाली आहे. शाई शिल्लक राहिली म्हणून दोनदा उठवलाय.)

ता. क. झुंबरबाईकडून कानावर आलं की दिवाळी झाली की तू ओढ्याकडच्या माळावर जेसीबी लावून सगळे दगड काढणार आणि लिंबोणी लावणार. लाव, लिंबोणीला माझं काही म्हणणं नाही. पण जानेवारीपर्यंत त्या माळाचा एक दगड हलवू नकोस. कॉलेजला सुट्टी लागली की स्नेहल गाडी घेऊन तुझ्याकडे राहील, आणि शनिवार-रविवार येईल ते वेगळं. उभं तू राहायचंस, हात पसरून. तुला बाकी काही येत नसलं तरी चालेल. भागवत बापाचं ऐकत नव्हता, माझं तर कधीच नाही, पण मामाचा शब्द त्यानं आजवर खाली पडू दिला नाही.

ता. क. दुसरं. पार्थला हा नाद कुणी लावला म्हणून तू पोराच्या मित्रांना शिव्या देतोस असं कळलं. त्यांना देऊ नकोस. मला वाचता येत नाही, पण मोबाईलवर फोटो बघून पार्थ ओळखता येतो, आणि स्नेहलचा दगडावरचा व्हिडिओ कुठे दाबल्यावर जातो तेही येतं. माळाचं कळल्या दिवसापासून मी त्याला रोज सकाळी एक धाडत होते. तुझा स्वतःचाच नातू दगड मागायला लागला की तू बहिणीचं जास्त लक्षपूर्वक ऐकशील, एवढाच हिशोब. अश्विनीला हे आत्ताच कळतंय. ती माझ्याकडे बघते आहे, पण लिहिते आहे.

ता. क. शेवटचं. उत्तर लिहीत बसू नकोस. कबूल असेल तर त्याच टेम्पोवाल्याबरोबर हुलग्याचं पीठ पाठव. डबा उघडून मी भागवतपुढे ठेवीन आणि सांगेन, मामानं होकार धाडलाय. त्या पिठाच्या शेंगोळ्या खाताना तो वाद घालत नाही. पीठ ताजं दळलेलं पाहिजे, जरा जाडसर, आणि घरातल्या सगळ्यांना दोनदा पुरेल एवढं.