पुलावरचं घोडदळ

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. (चिडून दिलेले असले तरी आशीर्वादच.) तुझी तब्येत ठणठणीत असेलच, दुसऱ्याचं डोकं फिरवून जाणाऱ्याची असतेच. इकडे तुझी वहिनी बरी आहे. माझी चौकशी तू पाच महिन्यांत केली नाहीस, तेव्हा मीही सांगत नाही.

पत्राचं कारण एवढंच, की ज्या खेळावरून तू अर्धा चहा टाकून, चपला हातात घेऊन निघून गेलास, तो लढाईचा खेळ तुला मुळात येतच नाही. एकदा नीट समजून घे. पटावर षटकोनी घरं असतात. तुझं सैन्य निळं, माझं लाल (चांगलं ते आधी उचलायची तुझी लहानपणापासूनची खोड). प्रत्येक सोंगटीवर दोन इंग्रजी आकडे. डावा ताकदीचा, उजवा किती घरं चालायचं त्याचा. शत्रूच्या शेजारच्या घरात शिरलं की थांबायचं, दोघांची ताकद ताडून बघायची, फासा टाकायचा आणि तक्त्यात निकाल पाहायचा. यात न कळण्यासारखं काय आहे? पण तू नियमांची पुस्तिका उघडशील तर शपथ! दिसेल ती सोंगटी पुढे ढकलायची, झालं.

तर तो पूल. पुलावर तुझं दोन ताकदीचं पायदळ, समोर माझं आठाचं घोडदळ. आणि तू म्हणालास, "दादा, ते आठ नाही, तीन आहे." मला! तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली मी, मुंगीएवढ्या अक्षरातली चूक हातभरावरून पकडली. त्या मला तू आकडे शिकवणार? मी तुला लबाड म्हणालो, तेही तुझ्या बायकोसमोर. म्हणालो ते म्हणालो. फार लागलं का रे?

पट अजून जेवणाच्या टेबलावर तसाच मांडलेला आहे. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. तुझ्या बाजूनेही मीच खेळून पाहिलं, पण स्वतःशी धड भांडताही येत नाही, नुसता वैताग येतो.

असो. देव तुला अक्कल देवो.

तुझा दादा

ता.क. अक्षर एवढं मोठं कशाला, म्हणून हसू नकोस. मागच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी भिंतीवरचा इंग्रजी आकडा वाचायला सांगितला. मी म्हटलं आठ. तीन होता. एक डोळा गेल्यातच जमा आहे, दुसराही फार दिवस साथ देणार नाही म्हणाले.

आणखी एक. रविवारी ये. दोन्हीकडचे आकडे तूच वाच, तू म्हणशील तो खरा. फक्त पुलावरचा तेवढा मनातल्या मनात वाच. तुझ्या वहिनीला मी अजून आठच सांगितलंय.