माझी फायरवॉल आणि याओबाईंचा हल्ला

३ जानेवारी, शुक्रवार
आज ऑफिसच्या कॉम्प्युटरवर स्वतःच्या हाताने नवी फायरवॉल बसवली. तिने विचारलं, पहारा किती कडक ठेवू? मी सगळ्यात कडक निवडला. अर्धवट कामं मला जमत नाहीत.

मेहुणे, म्हणजे आमच्या स्क्रूच्या कारखान्याचे मालक चुआंग साहेब, आमच्या चांद्र पंचांगाच्या वर्षअखेरच्या जेवणात, म्हणजे या महिन्याच्या मध्यावर, नव्या संगणक विभागाचा प्रमुख जाहीर करणार आहेत. माझ्याखेरीज उमेदवार एकच, हिशेब बघणाऱ्या याओबाई. त्या अजून कीबोर्ड दाढीच्या ब्रशने झाडतात. म्हणजे निवड झाल्यातच जमा आहे.

बायकोला सांगितलं. ली-चू म्हणाली, अहो, आधी घरचा टीव्ही चालू करून दाखवा.

संकल्प: प्रमुख झाल्यावरही सगळ्यांशी पूर्वीसारखंच वागायचं. निदान मार्चपर्यंत.

६ जानेवारी, सोमवार. सकाळ
हल्ला!

स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल चौकट. ‘सिस्टिम’ नावाचा कोणी ऑफिसातल्याच दुसऱ्या कॉम्प्युटरशी बोलू पाहतोय, परवानगी द्यायची की अडवायचं? अडवलं. थोड्या वेळाने पुन्हा चौकट. पुन्हा अडवलं. ‘हेच उत्तर कायमचं’ असंही एक बटण आहे, पण मग पहारेकऱ्याने करायचं काय?

दुपार
बोट दुखतंय. चौकटीतला पत्ता तपासला. सात नंबरचा कॉम्प्युटर. तो कुणाचा? याओबाईंचा!

व्हायरस आत शिरलाय हे नक्की. माझ्या पडद्यावर एरवी माझ्या ऑर्किडचे फोटो आपोआप बदलत असतात. सकाळपासून तेच एक पांढरं फूल. फुलांवर हात टाकणारी बाई काहीही करू शकते.

७ जानेवारी, मंगळवार
अभ्यास केला. सिस्टिम म्हणजे विंडोजचाच गाभा. फायली आणणं, प्रिंटरला निरोप देणं असली दुसऱ्यांची कामं तो स्वतःच्या नावावर करतो. त्यामुळे काम सांगितलं कुणी ते चौकटीत दिसत नाही, असं एका जाणकाराने लिहिलंय. पुढे बरंच होतं. पण मला कळायचं ते कळलं: नोकर घरचा आणि फितूर.

याओबाईंना सहज विचारलं, माझ्या कॉम्प्युटरमध्ये काय शोधताय? त्या म्हणाल्या, अहो शेनराव, मला माझा चष्मा सापडत नाही, तुमच्याकडे काय शोधू?

उत्तर टाळलं, हे लक्षात ठेवलंय.

८ जानेवारी, बुधवार
कोपऱ्यावरच्या दुकानातून नारळाच्या कुरकुरीत खाऊचं हिरवं पाकीट आणून मशीनवर ठेवलं. मशीन शहाण्यासारखं वागायला हिरवंच लागतं, पिवळं ठेवलं तर बिघडतं, हे आमच्या कांगशान गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. विज्ञान आपल्या जागी, पाकीट आपल्या जागी.

तरी चौकटी येतच राहिल्या. पाकीट उलटून पाहिलं तर मुदत ऑक्टोबरातच संपलेली! शिळं पाकीट मशीनला चालत नाही. फेकवेना म्हणून मी खाल्लं.

९ जानेवारी, गुरुवार
मलाही चालत नाही असं दिसतंय. घरीच आहे.

ऑफिसात फोन केला. माझा कॉम्प्युटर बंद असल्याने आज एकही हल्ला नाही. म्हणजे शत्रूला दुसरं कोणी नको, मीच हवाय. थोडं बरं वाटलं.

१० जानेवारी, शुक्रवार
शेवटी ते बटण दाबलं. सिस्टिमला कायमची बंदी, सगळीकडे. दिवसभर शांतता. फूल अजून तेच आहे, पण युद्धात काही ना काही जायचंच.

मेहुण्यांना लेखी कळवलं, याओबाई हेरगिरी करतात, त्यांना चांद्र नववर्षाआधी कायमची रजा द्यावी. विभाग प्रमुखाला कठोर व्हावं लागतं.

१३ जानेवारी, सोमवार
वाईट दिवस. जर्मनीला जाणाऱ्या कंटेनरची खोकी भरून तयार होती आणि लेबलं छापायची होती. लेबलं माझ्या कॉम्प्युटरवर तयार होतात, छापणारं मशीन याओबाईंच्या कॉम्प्युटरला जोडलंय. छापायला सांगितलं, काही नाही. पुन्हा सांगितलं, काही नाही.

याओबाई म्हणाल्या, तुमचा तो पहारेकरी जरा बाजूला करा बघू, तुमचं बोलणं माझ्याकडे पोचतच नाही. मी म्हटलं, चोर नेहमी कुत्रं बांधायलाच सांगतो. हे जरा मोठ्याने झालं.

कंटेनर संध्याकाळपर्यंत बंदरात हवा होता. शेवटी सगळ्यांनी हाताने लेबलं लिहिली. मेहुणेसुद्धा फरशीवर मांडी घालून लिहीत बसले होते. लिहिता लिहिता म्हणाले, शेनराव, उद्या पेई-शान येतेय. तिला दाखवू. तुमचं खरं निघालं तर याओबाई जातील, खोटं निघालं तर मग बघू.

पेई-शान त्यांची मुलगी, सिंचू शहरात कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. चांगलं झालं. शिकलेल्या माणसाला शिकलेल्या माणसाचं पटकन पटतं.

१४ जानेवारी, मंगळवार
पेई-शानने मशीनसमोर बसून सगळं पाहिलं. मग विचारलं, आतोबा, हे ऑर्किडचे फोटो ठेवलेत कुठे?

मी सांगितलं, माझ्याकडे जागा संपली होती, म्हणून मागच्या वर्षी याओबाईंच्या कॉम्प्युटरमध्ये ठेवले. सुरक्षित जागा म्हणून.

ती हसायला लागली. म्हणाली, आतोबा, तुमच्या पडद्याला दर दहा मिनिटांनी नवं फूल हवं असतं. ते आणायला तुमचा सिस्टिम याओकाकूंचं दार ठोठावतो. तुम्ही त्याला उंबऱ्यावरच अडवता. लेबलांचा निरोपही तोच नेतो, म्हणून तेही अडकलं. त्या तुमच्याकडे आल्याच नाहीत हो, तुम्हीच त्यांच्याकडे जाताय!

मेहुणे मागे उभे होते. सगळं ऐकत होते.

मला वाटतं, तांत्रिकदृष्ट्या दोन्ही बाजू बरोबर आहेत.

१५ जानेवारी, बुधवार. जेवणानंतर
जे झालं ते लिहितो.

वर्षअखेरच्या जेवणात कोंबडीची चोच ज्याच्याकडे, त्याची नोकरी गेली, ही जुनी रीत. म्हणून मेहुणे दरवर्षी मुंडकं छाटलेलीच कोंबडी मागवतात. यंदा मुंडक्यासकट आली. ताट त्यांनी स्वतः टेबलाच्या मधल्या फिरत्या काचेवर ठेवलं. चोच माझ्याकडे.

नेम चुकला असणार असं वाटलं. याओबाई माझ्या शेजारीच होत्या. सॉस घ्यायच्या निमित्ताने मी काच हळूच एक खुर्ची पुढे ढकलली. मेहुण्यांनी एका बोटाने ती परत आणली. मी पुन्हा ढकलली. त्यांनी पुन्हा आणली. टेबलावर सगळ्यांचं खाणं थांबलं. वीस वर्षं झाली मला या कारखान्यात, दुसरं काही मला येत नाही, हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

मग ली-चू उठली. चॉपस्टिक्सनी मुंडकं मोडून तिने माझ्या वाडग्यात टाकलं. भावाला म्हणाली, दादा, आता ती कुणाकडेच बघत नाही. वाढ, गार होतेय. मेहुणे वाढू लागले. मला ती हळूच म्हणाली, उद्या याओबाईंची माफी मागा. दरवर्षी मुंडकी मोडायला मी यायची नाही.

ते खायला मला बराच वेळ लागला. मुंडक्यात हाडं फार असतात.

संगणक विभागाच्या प्रमुख याओबाई. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, बहुधा सगळ्यात मोठ्याने.

१६ जानेवारी, गुरुवार
याओबाईंकडे गेलो. माझ्या बाजूने गैरसमज मिटला आहे असं सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं झालं, बसा, चहा घ्या. मग आपोआपच माफी मागितली गेली. त्या म्हणाल्या, अहो, तुमची फुलं मात्र छान आहेत, मी रोज बघते.

फायरवॉलचा पासवर्ड आता त्यांच्याकडे. पडद्यावर फुलं पुन्हा बदलू लागलीत, सध्या जांभळं आहे.

चहा घेऊन जागेवर आलो तर नवं कोरं हिरवं पाकीट. मशीनवर नाही, माझ्या खुर्चीवर. पलीकडे सगळे माना खाली घालून फार मन लावून काम करत होते.

पाकीट उलटून पाहिलं. मुदत सप्टेंबरपर्यंत आहे. म्हणजे तोवर तरी मला कोणी काढत नाही. यावेळी खायचं नाही.