वरची चिमूट आणि डर्मटची बंदूक

चि. गुरुनाथ यास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

तू फोनवर माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस. ऑपरेशन डोळ्याचे झाले, बाबा. गुडघ्याला काही झालेच नव्हते. तरी विचारलेस म्हणून तो खूश आहे. बाकी मी, नातू अंबरीश आणि हे पत्र लिहून घेणारी नातसून स्वरांगी, तिघेही इथे आयर्लंडात, कासलबारात खुशाल आहोत. (ती म्हणते, आजी, मुद्द्यावर या. कणीक मळून ठेवलीय तिने.)

मुद्दा शेजारच्या डर्मटचा. वय शहात्तर, अंगाने काटकुळा. हवेत उडवलेल्या मातीच्या बशा बंदुकीने फोडायचा त्याला भारी नाद. काडतुसेही तो आणि बायको नोरा, रीतसर परवाना काढून, घरीच भरत. दोन वर्षांपूर्वी नोरा गेली आणि बंदूक कपाटात गेली. परवा म्हणाला, शनिवारी दहा काडतुसे उडवून बघतो. एकही बशी फुटली नाही तर बंदूक विकून टाकीन. मला धस्स झाले. मग हा माणूस घराबाहेर कशाला पडणार?

त्याचे हात थरथरतात म्हणून छर्रे तोलायला मी बसले. दारू त्याने भरली. मला आकडे वाचता येत नाहीत, पण काटा लाल रेघेला टेकला की थांबायचे, एवढे कळते. थांबलेही. पण गुरुनाथ, आपल्याकडे माप भरून झाले की वर चिमूटभर घालतातच ना? नुसते काटेकोर द्यायला माझा हात वळेना. शेवटच्या चार काडतुसांत घातली चिमूट.

शनिवारी पहिली सहा वाया गेली. सातव्याला असा दणका बसला की बशी सुखरूप पुढे गेली आणि डर्मट मागे चिखलात बसला! अंबरीश डॉक्टर, धावत जाऊन नाडी बघतोय, तर हा खदाखदा हसतोय. "ग्रँड, ग्रँड! नोराही अशीच जास्तीचे घालायची. चाळीस वर्षे भांडलो तिच्याशी!" मग डोळे पुसले त्याने. (मीही. ऑपरेशनमुळे.)

"आजी, हा काय फराळ आहे?" अंबरीश माझ्यावर उखडला. उरलेली तीन घरी आणून उघडली, पुन्हा तोलली. रविवारी दोन चुकली आणि शेवटच्याने बशीचा टवका उडाला. टवकाच, पण आम्ही सगळ्यांनी ती फुटली असेच धरले. बंदूक राहिली.

ता. क. एवढे पुराण भाजणीसाठी. दोन वर्षे पाव-बिस्किटांवर काढलेला डर्मट आता रोज अकराला येतो आणि दोन थालीपिठे खातो. डबा रिकामा झाला.

ता. ता. क. तुझी बायको शुभदा भाजते ती पाठव, तू भाजलेली नको. लोणी पाठवू नका. इथले तिच्या लोण्यापेक्षा चांगले असते, पण हे तिला वाचून दाखवू नकोस.